अस्सलबरहुकूम नक्कल

शाळेंत मराठी व संस्कृत शिकवितांना ज्या गोष्टी दरवर्षीं नव्या मुलांस नव्यानें समजावून द्याव्या लागत, त्यांत ‘नक्कल’ आणि ‘सारांश’ यांमधील भेद ही एक असे. नक्कल म्हणजे मुळांतील काना, मात्रा, वेलांटीसुद्धां जशीच्या तशी उतरविणें. सारांश म्हणजे मतलब राखून बाकीचें टाकणें. दोन्ही कामें उपयोगाचीं, पण दोहोंचा धर्म निराळा. सारांश कितीही सुरेख साधला तरी त्यावरून मूळ लेख पुन्हां उभा करतां येत नाहीं. कारण काय टाकावें हें सारांश करणारानें ठरविलेलें असतें, आणि टाकलेलें परत हातीं येत नाहीं. जुन्या कोर्टाच्या कागदांवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा असे, त्यांतलें मर्म हेंच. हा जुना धडा उतारवयांत आम्हांस एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं उपयोगी पडला. तें ठिकाण म्हणजे घरांतील चित्रपटांच्या तबकड्या.

आमच्या पिढीच्या पुष्कळ घरांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढें दहापंधरा वर्षें चित्रपट आले ते तबकड्यांच्या रूपानें. आधीं व्हीसीडी आली, मागाहून डीव्हीडी. गेल्या वर्षीं कांचेचें कपाट आवरतांना आम्हीं मोजणी केली, तों एकंदर ८६ तबकड्या भरल्या: ४१ व्हीसीडी, ३९ डीव्हीडी, आणि ६ घरच्या मंगलकार्यांच्या. त्यांत प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) होता, आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ (१९५३) होती, कांहीं संगीत नाटकें होतीं. पण त्या लावावयाच्या कशावर? घरचें तबकडी लावण्याचें यंत्र केव्हांच बंद पडलेलें. दुरुस्त करणारा मिळेना. आणि मुलांच्या नव्या संगणकांत तबकडी घालण्याची खांचच नाहीं. माळ्यावर मोडी कागदांचें दप्तर असावें आणि घरांत मोडी वाचणारा कोणी नसावा, तशी ही अवस्था. वस्तु शाबूत आहे, पण ती बोलकी करणारें साधन गेलें कीं ती असून नसल्यासारखीच.

यांत एवढें मनास लावून घेण्यासारखें काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं आपल्याच चित्रपटांचा इतिहास आठवावा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आला. आज तो संपूर्ण असा कोठेंच नाहीं, कांहीं भागच उरला आहे. ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट १९३१ चा. त्याची एकही प्रत हातीं लागलेली नाहीं. जुन्या चित्रपटांच्या जतनासाठीं १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि त्यानें पुष्कळ कांहीं वांचविलें. तथापि जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच जुन्या नायट्रेटच्या फितींच्या कोठारास आग लागून मोठा सांठा जळून गेला. नायट्रेटची फीत पेटावयाला ठिणगी पुरते, हें तज्ज्ञांस ठाऊक होतें. परंतु ज्या फितींची दुसरी प्रत निघालेली नव्हती, त्या ठाऊक असूनही गेल्या त्या गेल्याच.

याउलट आपल्या पोथ्यांकडे पाहावें. ताडपत्र आणि कागद यांना वाळवी, ओल, आग यांचें भय कांहीं कमी नव्हतें. तरीही महाभारताएवढा अफाट ग्रंथ आपणांपर्यंत पोहोंचला, तो पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्या नकला करीत राहिले म्हणून. मात्र त्या नकला हातानें झालेल्या. एकाची नजर चुकली, दुसऱ्यानें न कळलेला शब्द बदलून सोपा केला, तिसऱ्यानें समासांतील टीप मुळांत घातली. अशा पाठभेदांचें रान माजल्यामुळेंच पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घ्यावी लागली, आणि नाना लिपींतील पोथ्या ताडून पाहण्याचें तें काम पुरें व्हावयास १९६६ साल उजाडलें. नक्कल न केली तर ग्रंथ जातो, आणि वाईट केली तर ग्रंथ बिघडतो, असा हा दुहेरी पेंच आहे. आमच्या तबकड्यांना तो जसाच्या तसा लागू पडला.

तो कसा, हें सांगण्यास घरगुती गोष्ट काढावी लागते. २००४ सालच्या वैशाखांत आमच्या चिरंजीवांची मुंज झाली. आमची वडील बहीण, जिला सारे घर आक्का म्हणत असे, तिनें त्या प्रसंगासाठीं स्वतः मंगलाष्टकें रचिलीं होतीं. घरच्या कार्यांत घरच्या बायकांनीं मंगलाष्टकें रचून म्हणावीं ही आपल्याकडील जुनी व गोड चाल आहे. आक्कानें तीं कागदावर कधीं उतरविलीं नाहींत. कामें करतां करतां मनांत जुळविलीं आणि अंतरपाट धरला असतां खड्या आवाजांत म्हटलीं. २०११ सालीं आक्का गेली. तिचीं कडवीं उरलीं तीं मुंजीच्या तबकडीवर, आणि दुसरीकडे कोठेंही नाहीं.

२०१६ सालीं घरचें यंत्र बंद पडलें, तेव्हां गांवांतील एका दुकानांत ती तबकडी देऊन तींतील चित्रण पेनड्राइव्हवर घेतलें. दुकानदारानें सांगितलें, ‘‘गुरुजी, चार जीबीची फाइल सातशें एमबींत बसवून दिली आहे. पाहायला तेंच दिसेल.’’ पाहायला तें दिसे खरें. पण माजघरांतील अंधाऱ्या कोपऱ्यांत चौकटी चौकटी उठत, कोणी हात हालविला कीं त्याच्या कडेला फणीचे दांते दिसत, आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा बोदा येई. लहान पडद्यावर पाहून सोडून द्यावें, इतपतच त्याचें कोणास वाटलें.

गेल्या वर्षीं धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज ठरली आणि आक्काचींच मंगलाष्टकें म्हणावयाचीं असा सर्वांनीं बेत केला. पेनड्राइव्ह लावून आम्ही कडवीं उतरून घेऊं लागलों. तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या चरणांत अडलों. चरणाची अखेर एकास ‘राहो सदा सावली’ अशी ऐकूं ये, तर दुसऱ्यास ‘राहो सदा माउली’. आमच्या सौभाग्यवती म्हणत माउली, बंधु म्हणत सावली. संस्कृत शिकलेले म्हणून निवाडा आमच्याकडे आला. वृत्त शार्दूलविक्रीडित, शेवटचीं तीन अक्षरें गुरु, लघु, गुरु अशीं हवींत. ‘सावली’ही तशीच बसते आणि ‘माउली’ही तशीच बसते! वृत्तानें हात टेकले. अर्थानेंही निकाल लागेना, कारण दोन्ही आशीर्वाद मुलास शोभणारे. पण आम्हां भावंडांच्या दृष्टीनें दोहोंत फार अंतर होतें. आमचे वडील मुंजीच्या आदल्याच वर्षीं निवर्तले होते. ‘सावली’ म्हटलें असेल, तर नांव न घेतां आक्कानें त्या मांडवांत वडिलांना बोलाविलें होतें. तिनें काय म्हटलें हें तिला विचारण्याची सोय आतां नव्हती.

याच सुमारास आमची पुतणी पुण्याहून सुटींत आली. ती संगणकाच्या कामांत मुरलेली. तिनें फाइल ऐकली आणि म्हणाली, ‘‘काका, ही नक्कल नव्हेच. हा सारांशाचा सारांश आहे. मूळ तबकडी टाकली नाहीं ना?’’ टाकली नव्हती. ती कपाटांत होती. तिनें मग आम्हांस जें समजावून दिलें, तें येथें आमच्या शब्दांत देतों.

डीव्हीडीवरील चित्र ७२० बिंदु रुंद व ५७६ बिंदु उंच असतें, आणि आपल्याकडील पद्धतींत सेकंदाला अशीं २५ चित्रें. हीं सर्व चित्रें कांहीं न गाळतां लिहूं गेल्यास दोन तासांच्या चित्रपटास सुमारें ११२ गिगाबाइट जागा लागेल. तबकडीच्या एका थरावर जागा असते ४.७ गिगाबाइट, दोन थर असल्यास ८.५. म्हणून तबकडी करणारेच चित्रपटाचा सारांश करतात. एक चित्र पुरें लिहितात, आणि पुढील कांहीं चित्रांत त्यापासून काय बदललें तेवढेंच नोंदतात. डोळ्यास सहसा कळत नाहीं असा बारकावा वगळतात. या रीतीचें नांव एमपेग-२. तेव्हां तबकडीवर आहे तो आधींच एक सारांश, पण शहाण्या माणसानें पुरेशा जागेंत केलेला.

आतां या सारांशाचें दोन प्रकारें कांहीं करतां येतें. तबकडीवरील आंकडे आहेत तसे दुसरीकडे उतरून घ्यावे. मग ती खरी नक्कल. आंकड्यांच्या नकलेंत पाठभेद नसतो. शंभरावी प्रत आणि पहिली प्रत यांत तिळमात्र फरक राहत नाहीं, हें भाग्य पोथीच्या लेखकास कधीं लाभलें नव्हतें. किंवा तीं चित्रें पुन्हां उलगडून, नव्या रीतीनें, कमी जागेंत, पुन्हां आवळावीं. मग तो सारांशाचा सारांश. नवी रीत कितीही चतुर असो, ती पहिल्या सारांशाच्या उणिवांनाही चित्राचाच भाग समजते आणि त्यांवर आपल्या उणिवा चढविते. आवाजाचेंही तेंच. तो फार आवळला कीं बहुधा आधीं वरच्या पट्टींतील ध्वनि जातात. स, श, फ या वर्णांचें मर्म त्या वरच्या पट्टींतच असतें. ‘सावली’मधील ‘स’ची धार बोथटली कीं उरतें ‘आवली’. मग ऐकणाराचें मन आपल्या आवडीचा वर्ण पुढें लावून घेतें. दुकानांतील यंत्रानें नेमका तेथेंच पाठभेद निर्माण केला होता!

पुतणीनें पुण्याहून आणलेला तबकडी वाचण्याचा लहान डबा संगणकास जोडला आणि मुंजीची तबकडी आंत घातली. थोडें वाचून यंत्र अडखळलें. तबकडीवर ओरखडे होते. शिवाय घरीं किंवा दुकानीं भरलेल्या तबकडींत अक्षरें उमटतात तीं सेंद्रिय रंगाच्या थरावर, आणि तो रंग ऊन व उष्मा यांनीं फिकटतो. तिनें तबकडी पाण्यानें ओलसर केलेल्या मऊ सुती फडक्यानें पुसली. गोल गोल नव्हे, तर मधून बाहेर सरळ रेघेंत. कारण अक्षरांची ओळ तबकडीवर गोल फिरते. आडवा ओरखडा थोडीं अक्षरें खातो, गोल ओरखडा ओळच्या ओळ खातो.

ओरखडे असूनही तबकडी वाचतां येते कशी, हें आम्हांस मोठें कौतुकाचें वाटलें. १९६० सालीं आयर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं एक युक्ति काढली. मूळ आंकड्यांबरोबर त्यांवरूनच काढलेले कांहीं जादा आंकडे लिहून ठेवावयाचे. मुळांतील थोडे आंकडे पुसले गेले तर उरलेल्यांवरून ते पुन्हां काढतां येतात. डीव्हीडींत आंकड्यांचा तक्ता मांडून आडव्या ओळींत १७२ आंकड्यांमागें १०, आणि उभ्या ओळींत १९२ मागें १६ असे साक्षीदार आंकडे ठेवलेले असतात. जमाखर्चाच्या वहींत उभी आणि आडवी बेरीज ताडून चूक पकडावी, तसा हा प्रकार. आम्हांस मात्र आठवण झाली ती वेदपाठाची. संहितेबरोबर पदपाठ, मग पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं जोडणारा क्रमपाठ, मग तींच पदें उलटसुलट गुंफणारे जटापाठ आणि घनपाठ. एकच पद इतक्या ठिकाणीं, इतक्या शेजाऱ्यांसह येतें कीं एका जागीं जीभ घसरली तर दुसरी जागा साक्ष देते. कागदाचा आधार न घेतां स्वरासह पाठ टिकला तो या साक्षीदारांच्या बळावर. वैदिकांनीं आणि गणितज्ञांनीं एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट ओळखली: जतन करावयाचें तर थोडी पुनरुक्ति पत्करावी.

साक्षीदारांनाही न पेलणारी इजा असेल तेथें यंत्र थबकतें आणि साधी नक्कल करणारी आज्ञावली हात टेकते. अशा वेळीं ‘डीडीरेस्क्यू’ नांवाची एक फुकट मिळणारी आज्ञावली कामास येते. तिची रीत परीक्षेस बसलेल्या हुषार मुलासारखी. अवघड प्रश्नापाशीं घुटमळत न बसतां ती आधीं सोपे भाग भराभर वाचून घेते, अडलेल्या जागांची टांचणी ठेवते, आणि मग त्या जागांकडे पुन्हां पुन्हां परतते. आमची तबकडी रात्रभर चालू होती. सकाळीं पाहतों तों चार गिगाबाइटपैकीं अगदीं थोडे तुकडे सोडून सर्व उतरलें होतें. आणि न उतरलेले तुकडे भोजनाच्या पंगतींत पडले होते.

चहा बाजूस ठेवून आम्हीं तिसरें कडवें लावलें. ‘सावली’ होती. ‘स’ इतका स्वच्छ होता कीं दुसरें कांहीं ऐकतांच आलें नसतें. इतकेंच नव्हे, तर त्या शब्दापूर्वीं आक्का किंचित् थांबली होती आणि तिनें एक श्वास घेतला होता, तोही ऐकूं आला. दुकानच्या प्रतींत तो श्वास नव्हता. आमचे बंधु कांहीं बोलले नाहींत, सौभाग्यवतींनींही वाद घातला नाहीं. कडवें शुद्ध उतरून घेतलें, आणि मुंजींत तें तसेंच म्हटलें गेलें.

त्यानंतर आम्हीं उरलेल्या ८५ तबकड्यांचें काम दररोज तीन या हिशेबानें महिनाभरांत हातावेगळें केलें. ज्यांच्या घरीं असें कपाट आहे त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून त्याची रीत थोडक्यांत देतों.

घरच्या समारंभाच्या तबकड्या सर्वांत आधीं घ्याव्या. बाजारांतील चित्रपटाच्या हजारों प्रती आहेत. मुंजीची एकच असते, आणि रंगाच्या थरामुळें तीच सर्वांत नाजुक. तबकडीची सबंध प्रतिमा घ्यावी. हिला ‘आयएसओ’ म्हणतात. ती न जमल्यास निदान ‘व्हिडिओ टीएस’ नांवाचा कप्पा संपूर्ण उतरावा, त्यांतील एखादी फाइल निवडून नव्हे. एका डीव्हीडीस साधारणपणें पाव ते अर्धा तास लागतो.

व्हीसीडीची गोष्ट वेगळी. तिच्यावरील चित्र अवघें ३५२ बाय २८८ बिंदूंचें, आणि एका तबकडीवर सव्वा तासाच्या आंतबाहेर भाग मावतो, म्हणून एक चित्रपट दोनतीन तबकड्यांवर येई. जास्त भाग मावावा म्हणून तींत साक्षीदार आंकड्यांचा एक थर कमी केलेला असतो. त्यामुळें ओरखडा तिला लौकर बाधतो. शिवाय तिचा चकाकणारा थर छापील बाजूच्या अगदीं खालीं असतो, डीव्हीडीसारखा दोन चकत्यांच्या मध्यें नसतो. सबब छापील बाजूसही जपावें. तींतील चित्रपट ‘एमपेगएव्ही’ या कप्प्यांत ‘डॅट’ शेपटाच्या फायलींत असतो. त्या फायली तशाच उतरून घ्याव्या.

इतकें झाल्यावर पाहण्याच्या सोयीचा विचार करावा. ‘मेकएमकेव्ही’ ही आज्ञावली डीव्हीडींतील चित्र व आवाज जसाच्या तसा ठेवून फक्त पेटी बदलते: अनेक फायलींच्या ऐवजीं एक फाइल होते, आंतील अक्षरास धक्का लागत नाहीं. ही नक्कलच समजावी. दूरदर्शनच्या पडद्यावर किंवा फोनवर पाहण्यास लहान फाइल हवी असेल तर ‘हँडब्रेक’ ही आज्ञावली घ्यावी. पण हा सारांश आहे हें विसरूं नये. तींत फाइलीचा आकार ठरवून देऊं नये, चित्राचा दर्जा ठरवून द्यावा. दर्जाचा आंकडा १८ ते २० च्या आसपास ठेवल्यास आमच्या डोळ्यांना मुळांत व त्यांत फरक दिसला नाहीं. या आंकड्याची गंमत अशी कीं तो लहान तितका दर्जा मोठा. समारंभाच्या चित्रणांत हालचालींच्या कडेला फणीचे दांते दिसतात, कारण तेथें एकेक चित्र दोन अर्ध्यांत, एकाआड एक ओळींनीं घेतलेलें असतें. तें सांधण्याची सोय त्याच आज्ञावलींत आहे. चित्र लहानाचें मोठें करण्याच्या भरीस मात्र पडूं नये. मुळांत नसलेला तपशील त्यानें येत नाहीं. येतो तो यंत्राचा तर्क, आणि टीकाकाराचा तर्क मुळांत घुसडणें हा पोथीच्या जगांत अपराधच समजला जातो.

प्रत झाली कीं ती पडताळावी. ‘एसएचए-२५६’ या गणितानें कोणत्याही फाइलीचा ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो. मूळ फाइलींतील एक अक्षर बदललें तरी ठसा सर्वस्वी निराळा येतो. दोन प्रतींचे ठसे जुळले म्हणजे ‘अस्सलबरहुकूम’ हा शेरा मारावयास हरकत नाहीं. पूर्वींचे लेखक पोथीच्या अखेरीस लिहीत कीं जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष असेल तर तो आमचा नव्हे; आतां ती विनवणी करण्याचें कारण उरलें नाहीं. मग निदान तीन प्रती ठेवाव्या, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं. आमच्या साऱ्या तबकड्या मिळून सुमारें ३०० गिगाबाइट भरल्या. हल्लीं सहज मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कचा तिसरा हिस्साही त्यांनीं व्यापला नाहीं. असें असतां सातशें एमबींत चित्रण कोंबण्याची काटकसर कोणासाठीं करावयाची?

एका प्रश्नास बगल देणें योग्य होणार नाहीं. विकत घेतलेल्या चित्रपटाची नक्कल करणें न्याय्य आहे काय? बाजारांतील पुष्कळ डीव्हीडींना गुप्तलेखनाचें कुलूप असतें. नुसती फाइल उतरली तर ती चालत नाहीं. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली. कलम ५२ खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठीं केलेल्या रास्त वापरास मोकळीक देतें. आणि कलम ६५-अ हें कर्त्याच्या हक्काचा भंग करण्याच्या उद्देशानें असें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगतें. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यांत तर कुलूप तोडणें हेंच मुळीं निषिद्ध ठरविलें आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. परंतु या कलमांतील ‘उद्देश’ हा शब्द आम्हांस धर्मशास्त्रासारखा वाटतो. आम्हीं आपल्यापुरता नियम केला तो असा: स्वतः पैसे देऊन घेतलेल्या तबकडीचीच नक्कल करावी, ती घरापुरती वापरावी, कोणास देऊं नये, विकूं नये, सार्वजनिक जागीं टाकूं नये, आणि मूळ तबकडी जपून ठेवावी. जो चित्रपट रीतसर नव्यानें विकत मिळतो, तो विकत घ्यावा. घरच्या समारंभास कुलूप नसतें. तेथें संकोचाचें कारण नाहीं.

आमचे एक स्नेही म्हणाले, ‘‘मास्तर, इतकें कशासाठीं? पुढची पिढी पाहणार आहे थोडीच?’’ पाहील कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण ज्यानें पांचशें वर्षांपूर्वीं थंडीच्या रात्रीं दिव्याशीं बसून पोथी उतरली, त्यालाही तें ठाऊक नव्हतें. नक्कल करणारानें वाचणाराची वाट पाहावयाची नसते. वाचणारा आला तर त्याला मूळ मिळावें, एवढीच त्याची जबाबदारी. काय महत्त्वाचें आणि काय फोल, याचा निवाडा आपण आजच करून टाकला, तर उद्यांच्या माणसाच्या हातीं आपली निवड पडेल, मूळ वस्तु पडणार नाहीं. २०१६ सालीं एका यंत्रानें ‘स’चा सूक्ष्म ध्वनि फोल ठरविला होता, त्या ध्वनींतच आमचे वडील होते हें त्यास कसें कळावें?

तबकड्यांना आयुष्याची मर्यादा आहे, आणि ती वाचणारीं यंत्रें तर त्यांच्याही आधीं दुर्मिळ होत चाललीं आहेत. म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं पावसाळ्याची ओल कपाटांत शिरण्यापूर्वीं घरच्या तबकड्या बाहेर काढाव्या आणि जीवर घरच्या गेलेल्या माणसाचा आवाज असेल ती सर्वांत आधीं हातीं घ्यावी. आमच्या आक्काच्या तबकडीची एक प्रत सांगलीस आमच्याकडे, एक पुण्यास पुतणीकडे आणि एक इंदुरास बंधूंकडे आहे. तिन्हींचे ठसे जुळतात.